पिकाचे आणे आणि सरकारचा हिशेब

सप्टेंबर संपला की महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यातून खरिपाची नजरअंदाज पैसेवारी जाहीर होते. ऑक्टोबरअखेर सुधारित आकडा येतो आणि पीक निघाल्यावर अंतिम. प्रमाण पीक रुपयाभर धरून गावाच्या नावासमोर एवढेच लिहिलेले असते: बेचाळीस पैसे, सत्तावन्न पैसे. गाव पन्नासच्या खाली गेले तर जमीन महसुलात सूट, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, मुलांची परीक्षा फी माफ, अशा सवलती लागू होऊ शकतात. पन्नासच्या वर राहिले तर पैसेवारीच्या जोरावर यातले काहीच नाही. राज्याचे उत्पन्न राज्यापुरते काढले जाते, जिल्ह्याचे जिल्ह्यापुरते. एखाद्या गावाच्या शिवारात या वर्षी काय पिकले, याबद्दल सरकार दरसाल नेमाने जो आकडा काढते तो हा. १९५७ साली दशमान नाणी आली आणि पुढे आणेवारीची पैसेवारी झाली, पण पद्धत त्याहून पुष्कळ जुनी आहे. तिचा इतिहास पाहताना एक गोष्ट सारखी समोर येते. मोजण्याची साधने पिढीगणिक सुधारत गेली, मात्र ज्याला पैसा घ्यायचा किंवा द्यायचा आहे त्यानेच मोजायचे, ही मूळ मांडणी कोणी हलवली नाही. त्यामुळे या आकड्यांतल्या चुका इकडेतिकडे सारख्या विखुरलेल्या नसतात. त्यांना दिशा असते, आणि आकडा कशासाठी लागणार आहे हे कळले की ती दिशा आधीच सांगता येते.

पेशवाईत गावाचा आकार कागदोपत्री 'तनखा' किंवा 'कमाल' म्हणून ठरलेला असे, पण प्रत्यक्ष वसुली दर वर्षी मामलेदार आणि पाटील यांच्या घासाघिशीतून निघे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलतीच मक्त्याने गेल्या आणि घासाघीसही एकतर्फी झाली. १८१८ नंतर दख्खनचा मुलूख हाती आलेल्या इंग्रजांना ही सगळी घालमेल मोडून नियमाने महसूल बसवायचा होता. ते काम ज्याच्याकडे आले तो रॉबर्ट कीथ प्रिंगल हेलीबरीच्या कॉलेजात शिकलेला होता. तिथे अर्थशास्त्र शिकवायला माल्थस होते आणि रिकार्डोच्या खंडाच्या सिद्धांताचा त्या काळी तिथे बोलबाला होता. सिद्धांत सोपा होता: शेतातल्या उत्पन्नातून मशागतीचा खर्च वजा करा, जे उरेल त्यातला ठरावीक हिस्सा सरकारचा. प्रिंगलने तो हिस्सा ५५ टक्के धरला. मग प्रत्येक शेताची मोजणी, मातीची प्रत, पीक किती येते, बैल किती लागतात, बियाणे किती, मजुरी किती, अशी माहिती १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुणे आणि आसपासच्या भागात गोळा होऊ लागली. एका अर्थाने ही गावोगावच्या अर्थव्यवस्थेची पाहणीच होती, आणि आजच्या संख्याशास्त्रज्ञालाही हेवा वाटावा इतकी तिची महत्त्वाकांक्षा मोठी होती.

ती कोसळली. कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. एका शेतात किती पिकते हे दर वर्षी बदलते, आणि सरासरी काढायला मागच्या वर्षांच्या नोंदीच नव्हत्या. खर्चाचा आकडा शेतकऱ्याच्या तोंडून यायचा आणि उत्पन्नाचा कारकुनाच्या लेखणीतून. आपण सांगितले ते आपल्याच अंगावर येणार हे सांगणाऱ्याला ठाऊक होते, आणि आपण लिहू त्यावर कोणाचा दर ठरणार हे लिहिणाऱ्याला. खोट्या नोंदींचा बाजार भरला. ज्याची पोच होती त्याची काळी जमीन कागदावर बरड झाली आणि ज्याची नव्हती त्याची बरड काळी झाली. त्यात अवर्षण आणि धान्याचे पडलेले भाव. इंदापूर तालुक्यात नवे दर लागू झाले आणि शेते पडीक पडू लागली, कुणबी निजामाच्या हद्दीत निघून जाऊ लागले. प्रिंगलच्या हिशेबात अडाण्यासारखे काही नव्हते. निव्वळ उत्पन्न ही कल्पना आजही राष्ट्रीय उत्पन्नाच्या लेख्यांचा पाया आहे. अडचण अशी की ती कल्पना ज्या माहितीवर उभी राहते ती माहिती देणाऱ्या प्रत्येकाला खोटे बोलायला सबळ कारण होते.

१८३५ नंतर त्याच इंदापुरात गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी जो मार्ग काढला, तो माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सर्वांत प्रामाणिक आहे, कारण त्याने फार थोडा दावा केला. उत्पन्न किती येते हे मोजण्याचा नादच त्यांनी सोडला. त्याऐवजी एका शेताची दुसऱ्याशी तुलना. प्रतबंदी करणारा कारकून शेतात जाई, वहीत शेताचा आराखडा काढून त्याचे सारखे भाग पाडी आणि प्रत्येक भागात माती खणून तिचा रंग, पोत आणि खोली लिहून घेई. खोली हातांत: पावणेदोन, दीड, सव्वा, एक, पाऊण, अर्धा, पाव. बारीक पोताची काळी माती पावणेदोन हात खोल असली तर सोळा आणे, दीड हात असली तर चौदा, सव्वा असली तर बारा, अशी उतरंड. नऊ प्रती होत्या आणि शेवटची दोन आण्यांची. चुनखड मिसळलेली, वाळू मिसळलेली, उताराची, पाणी साठणारी, असा एकेक दोष सापडला की प्रत एकेका पायरीने खाली. दीड हात काळ्या जमिनीत दोन दोष निघाले तर चौदाचे बारा, बाराचे दहा आणे. फावडे घेतलेल्या कोणालाही ही तपासणी पुन्हा करता येई, आणि साहेब अधूनमधून करून पाहतही. १८४७ च्या जॉइंट रिपोर्टात ही पद्धत पक्की झाली आणि मुंबई इलाख्यात तीस तीस वर्षांच्या जमाबंदीचा तो कणा बनला. शेतांमधला परस्पर न्याय यातून बराच साधला. पण एकूण तालुक्यावर किती महसूल बसवायचा, हा प्रश्न मातीत खणून सुटणारा नव्हता. तो मागच्या वसुलीचा इतिहास, बाजारपेठेचे अंतर, पाऊसमान आणि अधिकाऱ्याचा अंदाज यांवर सोडलेला होता.

तीस वर्षांनी हा झाकलेला प्रश्न वर आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव भडकले होते, दख्खनमध्ये पैसा खेळत होता, आणि नेमकी त्याच तेजीच्या शेपटाला इंदापूरची फेरजमाबंदी झाली. दर भरमसाट वाढले. मग तेजी ओसरली आणि दर मात्र तसेच राहिले. १८७५ च्या मे महिन्यात सुप्यापासून जे दंगे सुरू झाले ते सावकारांविरुद्ध होते, हे खरे. वाढलेल्या साऱ्याचा त्यात वाटा किती, यावर तेव्हाही वाद होता आणि अजून आहे. पण सरकारचा स्वतःच्या आकड्यांवरचा विश्वास किती होता हे दंग्यांच्या आधीच दिसून आले होते. १८७४ च्या ठरावाने फेरजमाबंदीत तालुक्याच्या एकूण साऱ्यात ३३ टक्क्यांहून, एका गावात ६६ टक्क्यांहून आणि एका खातेदारावर १०० टक्क्यांहून अधिक वाढ करायची नाही, अशी मर्यादा घातली गेली. मोजमाप बिनचूक असते तर मर्यादा कशाला लागली असती? पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याच दशकात शेतकऱ्यांच्या स्थितीची स्वतंत्र चौकशी केली आणि १८७६-७७ च्या दुष्काळात जिल्ह्याजिल्ह्यातून माहिती मागवून ती सरकारपुढे ठेवली. सरकारी आकड्याला बिनसरकारी आकड्याने उत्तर देण्याची आपल्याकडची परंपरा इथून सुरू होते असे म्हणायला हरकत नाही. ती सरकारला किती रुचली हे १८९७ मध्ये कळले. टिळकांच्या पुढाकाराने सभेची माणसे खेड्यांत जाऊन दुष्काळी कायद्यातले हक्क समजावू लागली, तेव्हा सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली.

तीस वर्षांचा ठराव बांधताना विंगेटच्या पद्धतीने चांगल्या-वाईट सालांची सरासरी धरली होती, म्हणून वाईट साली सूट देण्याचे तत्त्वतः कारण नव्हते. दुष्काळांनी हे तत्त्व टिकू दिले नाही. सूट आणि तहकुबी द्यायची तर या साली पीक किती बुडाले हे सांगणारा आकडा हवा, आणि तो गावागणिक हवा. हे काम आणेवारीने केले. तलाठ्याने उभे पीक पाहायचे, सोळा आणे पिकाशी ते मनात ताडायचे आणि लिहायचे: सहा आणे, पाच आणे. तिथून तो आकडा सर्कल, मामलेदार, कलेक्टर असा चढत जाई आणि प्रत्येक पायरीवर थोडा बदलू शके. मुंबई इलाख्यातला नियम असा होता की चार आण्यांच्या आत पीक असेल तर त्या सालची सगळी वसुली तहकूब, चार ते सहाच्या दरम्यान असेल तर निम्मी, आणि त्याच्या वर असेल तर सारा पूर्ण भरायचा. डोळ्यांनी पाहून केलेल्या अंदाजात एखाद-दुसऱ्या आण्याची चूक कोणाचीही होईल. पण इथे त्या एका आण्यावर तालुक्याची वसुली अडकलेली होती.

१९१८ चा खेड्याचा सत्याग्रह नेमका या एका आण्यावर झाला. जिल्हा गुजरातेतला, पण इलाखा आणि नियम आपलेच. आदल्या साली अतिवृष्टीने पीक बुडाले होते. शेतकरी म्हणत होते की पीक चार आण्यांच्या आत आहे, अधिकारी म्हणत होते की वर आहे. गांधीजींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून स्वतःची आणेवारी काढली आणि सरकारला सांगितले की आमचे मान्य नसेल तर पंच नेमा. सरकारने पंच नाकारले. आणेवारी ठरवण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला देणे म्हणजे राज्य करण्याचा अधिकार वाटून घेणे, असे सरकारला वाटले. हा नकार नीट वाचला पाहिजे. आणेवारी केवळ मोजमाप असती, तर दोन मोजमापे जुळत नसल्यास तिसऱ्याने मोजावे यात कोणाचा अपमान होता? ती हुकूमही होती, म्हणून तिला पंच चालत नव्हता. दहा वर्षांनी बार्डोलीत हीच गोष्ट वेगळ्या वेशात आली. तिथे फेरजमाबंदी होती आणि वाढ सुचवणारा अधिकारी भाववाढीकडे बोट दाखवत होता, तर त्याच्या वरचा अधिकारी जमिनी खंडाने देण्याच्या व्यवहारांचे आकडे पुढे करत होता. खंड हा बाजारात ठरतो, म्हणून तो डोळ्यांच्या अंदाजापेक्षा खात्रीचा, असा युक्तिवाद. कागदावर तो बिनतोड आहे. शेतकऱ्यांच्या बाजूने आक्षेप असा होता की त्या नोंदींत सावकाराच्या व्याजाला खंडाचे रूप दिलेले व्यवहारही मिसळले आहेत आणि कोणी जाऊन ते तपासलेले नाहीत. सत्याग्रहानंतर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल यांनी चौकशी केली, खंडाच्या आकड्यांवर विसंबता येत नाही असा निष्कर्ष काढला, आणि सरकारने सुमारे २२ टक्क्यांवर नेलेली वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. एकाच तालुक्याच्या एकाच मातीवर हा फरक पडला, कारण दुसऱ्या खेपेला आकडा तपासणारे आणि सारा वसूल करणारे वेगळे होते.

इथे कोणी म्हणेल की ही परक्या सरकारची कहाणी आहे. आणेवारी अडाणी होती, वसुली परकी होती. पुढे संख्याशास्त्र आले, स्वराज्य आले आणि प्रश्न मिटला. या आक्षेपात पुष्कळ तथ्य आहे. तलाठ्याचा डोळा पिकाला कमी लेखतो हे सरकारी तज्ज्ञांनाही कळून चुकले होते. काही ठिकाणी सोळा आणे म्हणजे सर्वसाधारण पीक, काही ठिकाणी बारा, असा गोंधळही होता. बिहारमध्ये हबॅक यांनी १९२० च्या दशकात शेतातले यदृच्छेने निवडलेले तुकडे कापून, तोलून उत्पन्न काढण्याचे प्रयोग केले. पण ही पद्धत देशभर उभी राहिली ती चाळीसच्या दशकात, आणि तिच्यामागे साताऱ्याच्या बुध गावात जन्मलेले पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे होते. पीक कापणी प्रयोगाचे बळ त्याच्या रूक्षपणात आहे. यदृच्छ अंकांच्या तक्त्यातून शेत निवडायचे, शेताच्या एका कोपऱ्यातून तक्त्याने सांगितली तितकी पावले लांबीत आणि तितकी रुंदीत जायचे, तिथे खुंटी ठोकायची आणि दोरी ताणून चौकोन आखायचा. आतले पीक कापायचे, मळायचे, उफणायचे, तोलायचे, थोडे धान्य वाळवून पुन्हा तोलायचे. चौकोन चांगल्या जागी पडला की वाईट, यात कोणाची मर्जी चालत नाही. दोरीवर आलेले ताट आत धरायचे की बाहेर, एवढ्याशा गोष्टीवरही मोठा वाद झाला. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस छोटे तुकडे पुरेत म्हणत, तर सुखात्म्यांनी दाखवले की तुकडा लहान असला की कडेची ताटे आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगते. चुकीला दिशा असते हे इतक्या नेमकेपणाने दाखवणारा पुरावा क्वचित मिळतो. आणि ही चूक करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, नुसता हात आतल्या बाजूला जात होता.

तरीही आक्षेप पुरता टिकत नाही, याचे पहिले कारण गणिती आहे. समजा शेताशेतातल्या उत्पन्नातला फरक सरासरीच्या ४० टक्के आहे, जिरायत भागात हे काही अशक्य नाही. जिल्ह्यात शंभर प्रयोग केले तर सरासरीतली संभाव्य चूक सुमारे ४ टक्के येते. उत्तम. पण गावात चारच प्रयोग केले तर तीच २० टक्के होते, म्हणजे पन्नास पैशांच्या गावाचे खरे पीक चाळीस पैसे असू शकते किंवा साठही. नमुना पाहणी जिल्ह्याला, राज्याला न्याय देते. सवलत मात्र गावाला द्यायची असते. म्हणून गावाच्या पातळीवर विज्ञान आल्यावरही नजर, समिती आणि वाटाघाट यांची जागा रिकामी झालीच नाही. दुसरे कारण सरकार आपले झाले तरी खजिना खजिनाच राहिला, हे आहे. १९६३ साली महाराष्ट्राने कायदा करून आपल्या कायद्यांतून 'दुष्काळ' हा शब्दच वगळला आणि त्या जागी टंचाई घातली. हेतू चांगला असेलही, राज्यात भूकबळीची वेळ येऊ देणार नाही असा निर्धार त्यात होता. पण ज्याची भरपाई द्यावी लागते त्याला लहान नाव देणे, ही प्रवृत्तीही त्यात ओळखू येते.

आजच्या पैसेवारीचे गणित एकदा मांडून पाहण्यासारखे आहे. समजा एका गावात बाजरी ३०० हेक्टरवर आहे आणि सोयाबीन २०० हेक्टरवर. बाजरी प्रमाण उत्पन्नाच्या तुलनेत ४० पैसे ठरली, सोयाबीन ६५ पैसे. क्षेत्राच्या प्रमाणात सरासरी काढली की गाव येते बरोबर ५० पैशांवर, म्हणजे सवलतीच्या बाहेर. बाजरी एका पैशाने कमी, ३९ लिहिली असती तर गाव ४९.४० वर उतरून आत आले असते. बाजरीचे ताट कोणाच्याही डोळ्यांना एका पैशाइतके अचूक दिसत नाही, आणि हे पैसेवारी ठरवणाऱ्या समितीत बसलेल्या सगळ्यांना ठाऊक असते. शिवाय भागाकारातला छेद, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची ते प्रमाण उत्पन्न, हाच किती जुना आणि कोणत्या वाणाचा यावर निम्मा निकाल आधीच लागलेला असतो. त्याच शेतात, त्याच हंगामात आणखी दोन आकडे तयार होत असतात. कृषी खाते राज्याच्या उत्पादनाचा अंदाज बांधते, तिथे आकडा वर गेला तर कोणाची तक्रार नसते. पीक विमा योजनेत महसूल मंडळाचे सरासरी उत्पन्न उंबरठ्याच्या किती खाली गेले यावर भरपाई ठरते. तिथे शेतकऱ्याला उत्पन्न कमी दिसायला हवे असते आणि विमा कंपनीला जास्त, म्हणून कापणी प्रयोगाच्या वेळी कंपनीचा माणूसही चौकोनापाशी उभा राहू शकतो. एकेका शेतकऱ्याचा विमा उतरवणे अशक्य आहे, सारख्या हवामानाच्या क्षेत्राचा विमा उतरवावा, ही मांडणी गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकरांनी १९७६ मध्ये केली आणि १९८५ च्या योजनेत ती आली. दांडेकरांचे तर्कशास्त्र निर्दोष होते. क्षेत्राची सरासरी एकट्यादुकट्याला हलवता येत नाही. पण प्रधानमंत्री पीक विमा योजनेतला उंबरठा मागच्या सात वर्षांतल्या उत्तम पाच वर्षांवरून काढतात, आणि मराठवाड्यासारख्या भागात सात वर्षांत तीन-चार वर्षे वाईट गेली की उत्तम पाचांतही वाईट वर्ष शिरते, उंबरठा खाली सरकतो. वारंवार बुडणाऱ्याला कमी संरक्षण मिळते, तेही कोणी एकही नोंद खोटी न करता.

मग उपाय सरळ दिसतो: आकडा आणि पैसा यांची फारकत करावी. मोजणारे खाते वेगळे, वाटणारे वेगळे. बार्डोलीचा अनुभव याच बाजूने बोलतो. पण जिल्हा उत्पन्नाकडे पाहिले की हा उपायही पुरा वाटत नाही. १९४९ मध्ये महालनोबिसांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली, तिच्यात व्ही. के. आर. व्ही. राव यांच्याबरोबर आपले धनंजयराव गाडगीळ होते. देशाचे उत्पन्न काढण्याची घडी या समितीने बसवली. राज्यांची उत्पन्ने त्यामागून आली, जिल्ह्यांची त्याहून नंतर. जितके खाली यावे तितकी मोजणी विरळ होत जाते आणि तिची जागा वाटणी घेते. रेल्वे, बँका, केंद्र सरकारचे प्रशासन यांचे उत्पन्न कोणत्याच राज्याच्या हद्दीत धड मावत नाही, म्हणून ते देशपातळीवर काढून निकषांनी राज्यांत वाटतात. जिल्ह्यांच्या बाबतीत पिकांचे उत्पन्न बऱ्यापैकी मोजलेले असते, पण व्यापार, लघुउद्योग, सेवा यांचा मोठा भाग राज्याच्या बेरजेतून कामगारांच्या संख्येसारख्या निकषांवर जिल्ह्यांना नेमून दिला जातो. याचा अर्थ गडचिरोलीतला शिंपी आणि पुण्यातला शिंपी सारखेच कमावतात असे कुठेतरी गृहीत धरले जाते. मुख्यालयाचा प्रश्न वेगळाच. मुंबईत मंजूर झालेले कर्ज रायगडातल्या कारखान्यात खर्च होते, म्हणून रिझर्व्ह बँक १९७२ पासून कर्ज कुठे मंजूर झाले आणि कुठे वापरले गेले याच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवते. हा शहाणपणा बँकांच्या आकड्यांत आला, जिल्हा उत्पन्नात अजून पुरता आलेला नाही. जिल्ह्याच्या दरडोई उत्पन्नावर कोणाचा सारा ठरत नाही, कोणाची सूट अडत नाही. त्यामुळे त्यात खोटेपणाला कारण नाही, आणि दुर्दैवाने नीट मोजण्यालाही नाही. खेडा जिल्ह्यात गांधीजींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जशी गावोगाव फिरून आणेवारी तपासली, तसे जिल्हा उत्पन्नाच्या आकड्यासाठी कोणी फिरत नाही. ज्यावर भांडण होते तो आकडा वाकतो, पण भांडणामुळेच तो तपासलाही जातो. ज्यावर भांडण नाही तो सरळ राहतो आणि पोकळ. या दोहोंपैकी मला पहिला बरा वाटतो, फक्त त्याला पंच हवा.

उपग्रह हाच तो पंच, असे अलीकडे मानले जाते. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने पैसेवारी बाजूला ठेवून पाऊस, पिकांची हिरवळ मोजणारा निर्देशांक, मातीतला ओलावा, जलसाठे असे निकष पुढे आणले. आकाशातून पाहणाऱ्याला वसुलीशी देणेघेणे नसते, ही गोष्ट मोठीच आहे. पण उपग्रहाला दिसणारी हिरवळ उसाची की बांधावरच्या बाभळीची, हे ठरवायला आणि निर्देशांकाचा उंबरठा कुठे ठेवायचा हे ठरवायला पुन्हा माणूसच लागतो. शिवाय ही संहिता तालुक्याला एकक मानते. एकाच तालुक्यात कालव्याखालचे गाव आणि डोंगराच्या पर्जन्यछायेतले गाव शेजारी शेजारी असते. महाराष्ट्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये या निकषांवर १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, ११२ मध्ये गंभीर आणि ३९ मध्ये मध्यम. आठवडाभरात वगळलेल्या भागांतून ओरड झाली आणि आणखी २६८ महसूल मंडळे घ्यावी लागली. त्यांच्यासाठी निकष होता सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि ७५० मिलिमीटरच्या आत पाऊस. २०२३ मध्ये हेच पुन्हा घडले: संहितेप्रमाणे ४० तालुके, आणि दहा-बारा दिवसांत त्यांच्या बाहेरची १०२१ मंडळे. २०१८ च्या हंगामात तर मंडळांवरही भागले नाही. जानेवारी २०१९ मध्ये सरकारने आणखी ९३१ गावांत दुष्काळ जाहीर केला, आणि ती गावे निवडली ती त्यांची अंतिम पैसेवारी पन्नासच्या खाली होती म्हणून.